ऐकलेले की वाटलेले?

श्रुतलेखनाचा तास चालू आहे. बाई सांगताहेत, 'पाऊस थांबल्यावर मुले मैदानावर खेळायला...' एवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक धडधडत जातो आणि शेवटचा शब्द त्या आवाजात बुडतो. तरी कोणी हात वर करीत नाही. बहुतेक मुले 'गेली' असे लिहून मोकळी होतात, आणि ते बरोबरही असते.

त्याच वर्गात बाई परीक्षेचे बैठक क्रमांक सांगत असताना तोच ट्रक आला आणि मधला एक आकडा बुडाला, तर? मग सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, 'बाई, पुन्हा सांगा!' मुले तीच, कान तेच, आवाजही तोच. तरी पहिल्या वेळी काही हरवले नाही आणि दुसऱ्या वेळी हरवले. असे का?

आपण जे 'ऐकले' म्हणतो, त्यातले पुष्कळसे आपण ऐकलेले नसते. मागच्या-पुढच्या संदर्भावरून मनाने भरलेले असते. वाक्यात असे भरता येते, क्रमांकात येत नाही. हा फरक अगदी टोकाला नेऊन पाहायचा असेल तर एका वेगळ्याच खेळाकडे वळावे लागते. हा खेळ म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मोर्स स्पर्धा. या स्पर्धांत दुसऱ्याचे नाव अचूक ऐकणे हाच मुख्य खेळ असतो. तो कसा खेळतात हे समजून घेताना ऐकण्याविषयी आणि शिकण्याविषयीही बरेच काही हाती लागते.

खेळ काय आहे?

स्वतःचे रेडिओ प्रक्षेपक व ग्राहक वापरून जगभरातील आपल्यासारख्याच लोकांशी संपर्क साधण्याचा छंद म्हणजे हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ. त्यासाठी सरकारी परवाना लागतो. परवान्याबरोबर प्रत्येकाला जगात दुसऱ्या कोणाचेही नसेल असे एक नाव मिळते. त्याला कॉल साइन म्हणतात. ती आपल्या मोटारींच्या क्रमांकासारखीच असते. 'एमएच १२' वाचले की गाडी महाराष्ट्रातली, पुण्याची, हे कळते. पुढची अक्षरे व आकडे त्या एका गाडीची ओळख सांगतात. तसेच 'व्हीयू' या अक्षरांनी सुरुवात झाली की केंद्र भारतातले. त्यातही 'व्हीयू४' म्हणजे अंदमान-निकोबार आणि 'व्हीयू७' म्हणजे लक्षद्वीप. त्यानंतरची अक्षरे त्या एका व्यक्तीची.

मोर्स लिपीचा व्यवहारातला उपयोग आता जवळजवळ संपला आहे. जहाजांच्या संकटसंदेशांसाठी मोर्सच्या जागी उपग्रहांचा उपयोग करणारी नवी व्यवस्था १ फेब्रुवारी १९९९ पासून पूर्णपणे लागू झाली. हौशी रेडिओच्या परवान्यासाठी मोर्स येणे आवश्यक असल्याची आंतरराष्ट्रीय अट २००३ साली उठली आणि निर्णय त्या त्या देशावर सोपवला गेला. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तरीही हौशी लोकांनी मोर्स सोडलेली नाही. एकच सूर चालू-बंद करून संदेश जात असल्यामुळे तिला कंप्रतांची फार अरुंद पट्टी पुरते आणि बोललेले शब्द कळणार नाहीत इतक्या क्षीण संकेतातूनही ती ऐकू येते.

स्पर्धेचे नियम सोपे असतात. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त केंद्रांशी, जास्तीत जास्त देशांशी संपर्क साधायचा. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' ही यांतली एक मोठी स्पर्धा १९४८ पासून चालू आहे. तिचा मोर्सचा भाग नोव्हेंबरच्या अखेरच्या पूर्ण शनिवार-रविवारी सलग ४८ तास चालतो. प्रत्येक संपर्कात दोघांनी एकमेकांच्या कॉल साइन बरोबर घ्यायच्या आणि थोडी माहिती द्यायची-घ्यायची. या स्पर्धेत ती माहिती म्हणजे संकेताच्या दर्जाचा आकडा आणि आपल्या विभागाचा क्रमांक. जगाचे एकूण ४० विभाग पाडले आहेत. भारताची मुख्य भूमी २२ व्या विभागात येते.

यातही एक गंमत आहे. दर्जाचा आकडा स्पर्धेत सगळेच '५९९', म्हणजे सर्वोत्तम, असाच पाठवतात. मग संकेत कितीही मरतुकडा असो. विभाग बहुधा कॉल साइनवरूनच ओळखता येतो. म्हणजे आधी ठाऊक नसलेली, खरोखर नवी अशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे समोरच्याचे नाव. सगळा खेळ तिथे आहे.

अडीच सेकंदांतले नाव

आता हे नाव कानावर कसे येते ते पाहू. मोर्समध्ये मोजमाप एकाच एककात असते. ठिपका एक एकक लांब, रेघ तीन एकके. एकाच अक्षरातील दोन खुणांमध्ये एक एककाची शांतता, दोन अक्षरांमध्ये तीन, दोन शब्दांमध्ये सात. वेग मिनिटाला किती शब्द यात मोजतात आणि मापाचा शब्द म्हणून 'पॅरिस' हा शब्द घेतात. त्याची इंग्रजी पाच अक्षरे आणि पुढची शांतता मिळून बरोबर ५० एकके होतात. यावरून एका ठिपक्याचा काळ काढता येतो. मिनिटाला ३० शब्द या वेगाने मिनिटात १,५०० एकके जातात. म्हणजे एक एकक ४० मिलिसेकंदांचे. स्पर्धेतला हा नेहमीचा वेग आहे.

उदाहरणासाठी एक कॉल साइन घेऊ: क्यू-ए-५-एस-एच-व्ही. हे नाव आम्ही बनवलेले आहे आणि ते कोणाचेही असू शकत नाही. क्यूने सुरू होणारी नावे आंतरराष्ट्रीय वाटपात कोणत्याच देशाला दिलेली नाहीत, कारण क्यूपासून सुरू होणारे तीन अक्षरी संकेत तारायंत्रांच्या काळापासून वेगळ्या कामासाठी राखलेले आहेत. आपले बनावट नाव मोर्समध्ये असे होते:

क्यू  – – • –
ए  • –
५  • • • • •
एस  • • •
एच  • • • •
व्ही  • • • –

सर्व खुणा व मधल्या शांतता मिळून ६३ एकके होतात. ३० शब्दांच्या वेगाला हे नाव सुमारे अडीच सेकंदांत संपते. त्यात एस आणि एच यांच्यातला फरक फक्त एका ठिपक्याचा, म्हणजे शांततेसह दोन एककांचा, ८० मिलिसेकंदांचा आहे. एच आणि ५ यांच्यातही तेवढाच. एका सेकंदाचा बारावा भाग! मनातल्या मनात 'एक, दोन, तीन, चार' म्हणेपर्यंत ठिपके केव्हाच निघून जातात. तेव्हा ठिपके मोजणे हा मार्गच बंद होतो. मग उरतो तो ताल. सराव झालेल्या कानाला एच ही चार ठिपक्यांची बेरीज वाटत नाही. ती एक छोटी, एकसंध थाप वाटते. तबला शिकलेल्याला 'तिरकिट' हा एकच बोल ऐकू येतो, चार सुटे आघात नव्हे, तसेच हे आहे.

चुका कुठे होतात?

रेडिओचा संकेत हवेतून येताना स्वच्छ राहत नाही. दूर कुठे वीज चमकली तर खरखर होते. आयनांबरातून परावर्तित होऊन येणारा संकेत चढतो, उतरतो, मधेच नाहीसाही होतो. शिवाय शेजारच्या कंप्रतेवर दुसरा कोणी पाठवत असतोच. यामुळे होणाऱ्या चुका वाटेल तशा नसतात. त्यांनाही नियम आहेत.

पहिला प्रकार ठिपका गळण्याचा. ५ चा एक ठिपका खरखरीत बुडाला की उरतो एच, एचचा बुडाला की एस. चार ठिपके व रेघ म्हणजे ४. त्यातला एक ठिपका गेला की व्ही. रेघ व चार ठिपके म्हणजे ६. त्यातला एक गेला की बी.

दुसरा प्रकार रेघ तुटण्याचा. रेघ तीन एककांची. तिचे मधले एक एकक क्षणभर नाहीसे झाले तर काय उरते? एक एकक आवाज, एक एकक शांतता, एक एकक आवाज. म्हणजे हुबेहूब दोन ठिपके! ए (• –) ची रेघ तुटली की एस, यू (• • –) ची तुटली की एच, व्ही (• • • –) ची तुटली की ५.

तिसरा प्रकार याच्या उलट. दोन ठिपक्यांमधली शांतता खरखरीने भरली की त्यांची एक रेघ होते. एसमधली पहिली फट भरली तर एन (– •), दुसरी भरली तर ए (• –).

चौथा प्रकार अक्षरे चिकटण्याचा. पाठवणाऱ्याने दोन अक्षरांमधली तीन एककांची शांतता नीट पाळली नाही तर डी (– • •) आणि ई (•) मिळून बी (– • • •) ऐकू येते. ए आणि एन मिळून पी (• – – •) होते. म्हणजे अचूक ऐकले जाण्याची निम्मी जबाबदारी पाठवणाऱ्याचीही आहे.

आपले बनावट नाव आता पुन्हा पाहा. ५, एस, एच, व्ही ही चारही चिन्हे एकमेकांत मिसळण्याजोगी. मधले नाव एच-एच-व्ही होते, एस-एस-व्ही होते, की एस-एच-४? आणि गंमत अशी की चुकून आलेले नावही दिसायला तितकेच खरे दिसते.

नाव ओळखता का येत नाही?

इथे आपण पुन्हा श्रुतलेखनाच्या वर्गाकडे येतो. इंग्रजीत २६ अक्षरे आहेत. त्यांतले कोणतेही अक्षर सारख्याच शक्यतेने येऊ शकत असेल, तर 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर मिळणारे प्रश्न विचारून ते ओळखायला सरासरीने सुमारे ४.७ प्रश्नांइतकी माहिती लागते. पण सलग मजकुरात पुढचे अक्षर पुष्कळदा आधीच लक्षात येते. क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने १९५१ साली लोकांकडून इंग्रजी मजकुरातील पुढची अक्षरे ओळखून घेऊन याचा हिशोब मांडला. मागचा पुरेसा मजकूर समोर असेल तर दर अक्षरामागे सुमारे एकाच प्रश्नाइतकी नवी माहिती असते, असे त्यातून निघाले. बाकीची माहिती मागच्या अक्षरांनी आधीच दिलेली असते. मजकुरात ही जी पुनरुक्ती असते, तिच्या जोरावरच ट्रकच्या आवाजात बुडालेला 'गेली' हा शब्द मुलांना सापडला.

कॉल साइनमध्ये अशी पुनरुक्ती जवळजवळ नसते. सुरुवातीची अक्षरे देशाची, म्हणून थोडा अंदाज करता येतो. पण नंतरचा एक आकडा आणि तीन अक्षरे घेतली तर १० × २६ × २६ × २६, म्हणजे १,७५,७६० नावे शक्य आहेत. प्रत्यक्षात त्यातली सगळी दिलेली नसतात, पण एच-एच-व्ही आणि एस-एच-व्ही यांतले खरे कोणते हे नावाकडे पाहून सांगता येत नाही.

शिवाय नाव सहा चिन्हांचे असले तरी गुण 'सगळे किंवा काही नाही' असेच मिळतात. एखादा ऑपरेटर शंभरातली ९८ चिन्हे बरोबर घेतो असे धरू. शाळेच्या हिशोबात हे उत्तम झाले. पण सहाही चिन्हे बरोबर येण्याची शक्यता ०.९८ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.८९. दर शंभर नावांतली अकरा चुकली! चिन्हांची अचूकता ९९ टक्के झाली तरी शंभरात सुमारे सहा नावे चुकतात. विद्यार्थ्यांना घातांकांचा उपयोग दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

हा फरक शॅननच्या कितीतरी आधी तारमास्तरांच्या अभ्यासात दिसला होता. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाच्या विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ व १८९९ साली तारयंत्र शिकणाऱ्यांवर केलेले संशोधन प्रसिद्ध केले. सुटी अक्षरे, सुटे शब्द आणि सलग मजकूर असे तीन प्रकार त्यांनी शिकणाऱ्यांना ऐकवले. सलग मजकूर सर्वांत वेगाने घेता येत होता, सुटे शब्द त्याहून सावकाश आणि सुटी अक्षरे सर्वांत सावकाश. त्यांनी यावरून असे मांडले की शिकणारा आधी अक्षरांच्या सवयी बांधतो, मग त्यावर शब्दांच्या आणि त्यावर वाक्यांच्या. या पायऱ्यांच्या मध्ये असाही काळ येतो की सराव चालू असूनही प्रगती दिसत नाही. आलेख सपाट होतो. वाचायला शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा अनुभव आपल्यापैकी अनेकांना असेल.

कॉल साइन मात्र या शिडीच्या वरच्या पायऱ्या काढून घेते. मुरलेला तारमास्तरही तिथे पुन्हा अक्षरांच्या पायरीवर येऊन उभा राहतो.

विचारावे की ठोकून द्यावे?

स्पर्धेतला एक संपर्क असा चालतो. मोठ्या केंद्राचा ऑपरेटर हाक देतो. उत्तर देणारे फक्त आपली कॉल साइन एकदा पाठवतात. बऱ्याचदा दहा-वीस जण एकदमच पाठवतात आणि नुसता कल्लोळ कानावर येतो. ऑपरेटर त्यातून एक नाव पकडतो, ते परत पाठवतो आणि पुढे आपली माहिती जोडतो. ज्याचे नाव आहे तो आपली माहिती देतो, ऑपरेटर आभार मानतो, की झाला संपर्क. कसलेले ऑपरेटर चांगल्या परिस्थितीत तासाला दोनशेपर्यंत संपर्क करतात. म्हणजे एकाला अठरा सेकंद.

यात नाव परत पाठवण्याची पायरी सर्वांत महत्त्वाची. ती शिष्टाचारासाठी नाही, तपासणीसाठी आहे. ऑपरेटरने एच-एच-व्ही असे पाठवले तर समोरच्याने माहिती देण्याआधी आपले खरे नाव पुन्हा पाठवायचे असते. आणि ऑपरेटरला अर्धेच नाव कळले असेल तर तो जेवढे कळले तेवढेच, '५-एस-एच?' असे, प्रश्नचिन्हासह पाठवतो. ते ज्याच्या नावात बसते त्यानेच पुन्हा पाठवायचे, बाकीच्यांनी थांबायचे.

अशा प्रश्नाला चार-पाच सेकंद लागतात. घाईत तेवढेही जड वाटतात आणि 'एच-एच-व्हीच असेल' म्हणून पुढे जायचा मोह होतो. स्पर्धा संपल्यावर मात्र सगळे जण आपापल्या नोंदवह्या आयोजकांकडे पाठवतात आणि संगणक हजारो नोंदवह्या एकमेकींशी ताडून पाहतो. आपण अमुक मिनिटाला अमुक कंप्रतेवर एच-एच-व्हीशी बोललो असे लिहिलेले असते. पण त्याच मिनिटाला त्याच कंप्रतेवर आपल्याशी बोलल्याची नोंद एस-एच-व्हीच्या वहीत सापडते. कोणी चूक ऐकले ते लगेच कळते. असा संपर्क रद्द होतोच. शिवाय कित्येक मोठ्या स्पर्धांत वर दंडही बसतो.

हा दंड कशासाठी, ते एका छोट्या हिशोबाने कळेल. समजा, चुकलेल्या नावामागे तो संपर्क जातो आणि शिवाय दोन संपर्कांइतके गुण कापले जातात. म्हणजे एकूण तीन संपर्कांचा तोटा. विचारायला पाच सेकंद लागतात. अठरा सेकंदांच्या संपर्काशी तुलना केली तर हा सुमारे ०.२८ संपर्काचा खर्च. नाव चुकीचे असण्याची शक्यता 'श' धरली, तर न विचारण्याचा सरासरी तोटा ३ × श. विचारणे केव्हा फायद्याचे? ३ × श हे ०.२८ पेक्षा जास्त असेल तेव्हा. म्हणजे श सुमारे ०.०९ च्या वर गेली की. दहात एकदा जरी चुकू असे वाटले तरी विचारावे! दंड नसता आणि फक्त तो संपर्कच गेला असता, तर ही मर्यादा ०.२८ वर गेली असती. मग पाचात एकदा चुकण्याची शंका असतानाही ठोकून देणेच परवडले असते. म्हणजे दंडामुळे कोणाचे कान सुधारत नाहीत, पण विचारणे स्वस्त होते आणि अंदाज महाग. आपल्या वर्गात न कळलेले विचारणे स्वस्त आहे की महाग, हा प्रश्न या निमित्ताने मनात यायला हरकत नाही.

ओळखीचा धोका

अंदाजाचा दुसरा, जास्त फसवा प्रकार ओळखीतून येतो. वर्षानुवर्षे स्पर्धा खेळणाऱ्याला शेकडो नावे पाठ होतात. पहिली तीन चिन्हे ऐकली की उरलेली त्याच्या मनात आपोआप उमटतात. हे बहुतेक वेळा उपयोगीच पडते. यासाठी आता संगणकातही सोय आहे. मागच्या स्पर्धांतल्या नोंदींवरून केलेली ज्ञात नावांची यादी त्यात ठेवतात आणि अर्धवट नाव टाईप केले की त्याच्याशी जुळणारी नावे पडद्यावर येतात. २००८ पासून हवेतले मोर्स संकेत स्वतःच वाचून नावे दाखवणाऱ्या संगणक प्रणालीही प्रचारात आल्या.

पण या मदतीत एक सापळा आहे. यादीत एच-एच-व्ही आहे आणि एस-एच-व्ही हा नवखा, पहिल्यांदाच स्पर्धेत उतरलेला आहे. ऑपरेटरला मधले अक्षर नीट कळलेले नाही. यादी सांगते, एच-एच-व्ही. मन म्हणते, हो, तसेच ऐकू आले होते. पुढच्या वेळी ते नाव पुन्हा पाठवले तरी तसेच 'ऐकू' येते. म्हणजे माहितीत नसलेली पुनरुक्ती मनाने तयार केली! संगणकाच्या प्रणालीही ठिपका गळाल्यावर चुकीचे नाव दाखवतात आणि ते पाहून अनेक जण तेच नाव निमूटपणे लिहितात. चूक एकाची, नोंद पन्नास वह्यांत.

म्हणून जाणते ऑपरेटर एक साधा नियम पाळतात. स्मरणशक्तीने शंका काढावी, नोंद करू नये. ऐकलेले नाव यादीत नसेल तर पुन्हा विचारावे; पण पुन्हा ऐकल्यावरही तेच आले तर यादी बाजूला ठेवून कानाने जे दिले तेच लिहावे. मुद्रितशोधकाला हा धोका चांगला माहीत असतो. स्वतः लिहिलेल्या मजकुरातली चूक आपल्याला दिसत नाही, कारण आपण कागदावरचे न वाचता मनातले वाचत असतो.

हे शिकतात कसे?

पहिली गोष्ट म्हणजे ठिपके-रेघांचा तक्ता पाठ करून मोर्स ऐकायला शिकता येत नाही. तक्त्यावरून शिकणारा आवाज ऐकतो, मनात खुणा मांडतो, तक्त्यात शोधतो आणि मग अक्षर लिहितो. सावकाश चालले तर हे जमते. वेग थोडा वाढला की कोलमडते. जर्मन मानसशास्त्रज्ञ लुडविग कोख यांनी १९३० नंतरच्या दशकात यावर एक पद्धत सुचवली. सुरुवातीपासून अक्षरे पुऱ्या वेगानेच ऐकवायची, पण आधी फक्त दोनच अक्षरे घ्यायची. ती पक्की झाली की तिसरे, मग चौथे. म्हणजे सोपे करायचे ते अक्षरांची संख्या कमी करून, वेग कमी करून नव्हे. कारण वेग कमी केला की ताल मोडतो, आणि शिकायचा तर तालच आहे.

कॉल साइनसाठी वेगळा सराव लागतो. ५-एच-एस, ४-व्ही-यू, ६-बी-डी, १-जे-डब्ल्यू असे गोंधळ करणारे गट शेजारी शेजारी ठेवून ऐकायचे. नाव ऐकताना एकेक अक्षर लिहीत बसायचे नाही. सगळे नाव संपेपर्यंत मनात धरायचे आणि मग एकदम लिहायचे. सहा चिन्हे थोडा वेळ ध्यानात ठेवणे बहुतेकांना जमते. एक चिन्ह कळले नाही तर तिथे अडकायचे नाही, जागा रिकामी ठेवून पुढचे ऐकायचे. अडकलेला माणूस एकाऐवजी तीन चिन्हे गमावतो.

या सरावाची एक प्रसिद्ध संगणक प्रणाली आहे. तिचे नाव 'रुफ्झ'. 'कॉल साइन ऐकणे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते घेतले आहे. ती ५० नावे ऐकवते. नाव बरोबर लिहिले की पुढचे जास्त वेगाने येते, चुकले की वेग कमी होतो. म्हणजे शिकणारा कायम आपल्या क्षमतेच्या कडेवर राहतो. 'मोर्स रनर' ही दुसरी प्रणाली खरखर आणि अनेकांचा एकदम कल्लोळ यांची नक्कल करते. वेगवान मोर्सच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्येही या दोन्हींवर चाचण्या घेतल्या जातात.

खेळापलीकडे

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲमॅच्युअर रेडिओचा एक चमू भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेला होता. अंदमानशी संपर्काची संधी जगातील हौशी लोकांना क्वचित मिळते. ती द्यावी, एवढाच हेतू होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि नेहमीची दळणवळण व्यवस्था कोलमडली. या चमूने छंद बाजूला ठेवला आणि तीच यंत्रे संकटकाळच्या संदेशांसाठी, लोकांच्या खुशालीचे निरोप पोहोचवण्यासाठी वापरली.

अशा निरोपात मुख्य काय असते? माणसाचे नाव, गावाचे नाव, घराचा किंवा फोनचा क्रमांक. म्हणजे नेमकी तीच माहिती, जिच्यात पुनरुक्ती नसते आणि जी अंदाजाने भरता येत नाही. 'सुखरूप आहे' हे शब्द अर्धवट ऐकू आले तरी कळतील; पण कोण सुखरूप आहे, ते नाव चुकले तर एका घरी खोटी आशा आणि दुसऱ्या घरी नसती चिंता. रक्तगट, औषधाची मात्रा, बँकेचा खाते क्रमांक, रेल्वेचा सिग्नल, विमानाला दिलेली उंची, या सगळ्यांचे असेच आहे. म्हणून वैमानिक मिळालेली सूचना उलट वाचून दाखवतो. आपण फोनवर 'ब, बदकातला' असे म्हणतो, तेव्हा आपणही हरवलेली पुनरुक्ती मुद्दाम परत घालत असतो.

वर्गात करून पाहा

१. फळ्यावर एक मराठी वाक्य लिहून त्यातील दर चौथे अक्षर पुसा. शेजारी काही मोटारींचे क्रमांक लिहून त्यांतीलही दर चौथे चिन्ह पुसा. मुलांना दोन्ही पुरे करायला सांगा. वाक्यात आणि क्रमांकात किती जागा बरोबर भरल्या त्याची टक्केवारी काढा. क्रमांकातील कोणत्या जागा ओळखता आल्या? 'एमएच' मधल्या का? ते का, यावर चर्चा करा.

२. शिट्टीने ठिपके व रेघा वाजवून फक्त ई, आय, एस, एच आणि ५ (एक ते पाच ठिपके) ओळखायला लावा. वेग हळूहळू वाढवा. कोणत्या वेगाला मोजणे सुटते? त्यानंतरही कोणाला ओळखता येत असेल तर तो काय ऐकतो, ते त्याच्याच शब्दांत वर्गाला सांगू द्या.

३. पाच ओळी व पाच स्तंभांचा तक्ता करा. ओळीत वाजवलेले चिन्ह, स्तंभात लिहिलेले. प्रत्येक उत्तराची खूण योग्य घरात करा. चुका तक्त्यात सगळीकडे विखुरल्या आहेत की कर्णाच्या शेजारी गोळा झाल्या आहेत?

४. आता गुण ठेवा. बरोबर उत्तराला तीन, चुकीला उणे सहा, आणि 'पुन्हा वाजवा' म्हणायला एका गुणाचा खर्च. मग चुकीला शून्य ठेवून तोच खेळ पुन्हा खेळा. पुन्हा विचारणाऱ्यांची संख्या दोन्ही वेळा मोजून ठेवा. नियम बदलला की तोच वर्ग वेगळा वागतो का, ते मुलांनाच आकड्यांवरून सांगता येईल.